आत्याबाईंचे दोन वाचक

पायपुसणं पाय पुसण्यासाठी असतं, मुक्काम ठोकण्यासाठी नव्हे. पण हे त्या वकिलाला कोण सांगणार? दर गुरुवारी पाचच्या ठोक्याला हा बाबा वाचनालयाच्या दारात हजर. बूट कोरडे ठणठणीत असले तरी घासतोय आपला, घासतोय. का, तर तिथून खिडकीजवळचं टेबल दिसतं आणि आत्याबाईंची धाकटी भाची आली की नाही ते कळतं. आली असेल तर घासणं लांबायचं, आली नसेल तर आणखी लांबायचं. आठ महिन्यांत पायपुसण्याला मधोमध भोक पडलं.

"आत या हो वकील," आत्याबाई कपाटाआडून ओरडायच्या. "ते पायपुसणं आता तुमच्यावरच दावा ठोकेल."

"हो... आलो, आलो." आणि कान लालबुंद.

कोर्टात म्हणे हा माणूस बोलायला लागला की न्यायाधीशही पंखा बंद करून ऐकतात. इथे मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखा. आत्याबाईंचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

वाचनालय म्हणजे चर्चच्या मागची एक लांबट खोली. चार कपाटं, एक टेबल, तीन खुर्च्या, आणि किल्ल्यांचा जुडगा आत्याबाईंच्या कमरेला. ते उभारलं त्यांच्या भावानं. तो या चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू होता. तो गेला तेव्हा मागे दोन मुली आणि हे वाचनालय राहिलं, आणि तिन्हींचं आत्याबाईंनी केलं. त्यांची स्वतःची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. अक्षरं त्या बोट ठेवून ठेवून वाचायच्या, आणि जोडाक्षर आलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आकड्यांच्या बाबतीत मात्र कोणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत.

भावानं एक नियम घालून दिला होता. पुस्तक कितीही पवित्र दिसो, दोन जणांनी वाचून, दोघांनी चिठ्ठीवर मत लिहिल्याशिवाय ते कपाटात जायचं नाही. मतं जुळली तर शिक्का. नाही जुळली तर दोघांनी या टेबलाशी समोरासमोर बसायचं, भांडणाची पानं मोठ्यानं वाचायची आणि एक मत ठरवायचं. नियमाला कारण होतं. एकदा कोणी भेट दिलेलं एक चकचकीत पुस्तक न वाचताच कपाटात गेलं होतं. त्यात लिहिलं होतं, ज्याचा विश्वास पक्का त्याला दुखणं शिवत नाही. ते वाचून एका बाईनं आपल्या नवऱ्याच्या मरणाचा दोष स्वतःच्याच माथी घेतला. ती अजून चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसते, आणि अजून मान वर करत नाही. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

पहिली वाचक धाकटी, म्हणजे भावाची धाकटी लेक. हॉस्पिटलात नर्स. दुसरे वाचक होते एक म्हातारे हेडमास्तर, त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. आणि नेमका त्याच आठवड्यात हा वकील छत्री ठिबकवत आत शिरला, हातात वाचनालयाचंच एक पुस्तक, चेहरा असा की जणू कोणी त्याच्या आईला शिवी दिली.

"ही चिठ्ठी कोणी लिहिली?" त्यानं पुस्तकाचं पहिलं पान उघडून धरलं. "'लेखक हुशार आहे, युक्तिवाद पक्का आहे, पण आजारी माणसाच्या हाती देऊ नये.' हे काय मत झालं? देवानं दुःख का ठेवलं याची बारा कारणं दिलीत यात. एकही खोडता येत नाही!"

"मी लिहिली." आवाज वरून आला. धाकटी शिडीवर उभी होती, एका हातात फडकं, नाकाला धूळ. "बाराही बरोबर आहेत. आता त्यातलं कुठलंही एक, माझ्या वॉर्डातल्या सहा नंबरच्या खाटेशी उभं राहून वाचून दाखवा. मी चिठ्ठी बदलते."

वकिलानं पुस्तक मिटलं. छत्रीचं पाणी त्याच्याच बुटात गळत होतं, त्याचा त्याला पत्ता नव्हता.

"मग... ते पुस्तक कोणाला द्यायचं?" त्यानं विचारलं, एकदम हळू.

"धडधाकट माणसाला. आजारी पडायच्या आधी."

तो हसला. मोकळा, पोटातून हसला. आणि शिडीवरच्या बाईनं नाकावरची धूळ पुसली, ती नेमकी गालावर नेऊन ठेवली. आत्याबाईंनी हे सगळं पाहिलं आणि मनाशी म्हणाल्या, दुसरा वाचक मिळाला.

आणि मिळालाही होता चांगला! खोटं कशाला बोला? पहिले दोन-तीन महिने दोघांनी काम असं केलं की भाऊ असता तर पाठ थोपटली असती. एका पुस्तकात लेखकानं त्र्यैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावलं होतं ते पाणी, बर्फ आणि वाफ म्हणून. धाकटीनं लिहिलं, "बाप बर्फ झाला की पुत्र वितळतो का?" आणि वकिलानं लिहिलं, "ही चूक फार जुनी आहे, फक्त भांडं नवं आहे." मतं जुळली, पुस्तक परत. दुसऱ्या एका पुस्तकात एक नास्तिक होता, इतका बावळट की शेंबडं पोरही त्याला हरवील. त्यावर वकिलाची चिठ्ठी होती, "समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली, तरच ती खोडायचा हक्क. शंका घेणाऱ्याला मूर्ख ठरवून कोणाचा विश्वास वाढत नाही." आत्याबाईंनी ही चिठ्ठी धाकटीकडून दोनदा वाचून घेतली होती. माणूस नेक आहे, त्यांनी ठरवलं.

पण पुढे मतं जुळेनाशी झाली. एक पुस्तक, दोन, पाच... अकरा! अकरा पुस्तकं टेबलाखालच्या खोक्यात, आणि दर गुरुवारी हे दोघं समोरासमोर. भांडण तरी कशावरून? एकदा दोन तास प्रस्तावना लांब की आखूड यावरून. आत्याबाई कोपऱ्यात मटार सोलत बसायच्या आणि ऐकायच्या.

"कृपा म्हणजे जे आपण कमावलेलं नाही ते मिळणं. लेखकाची व्याख्या मान्य?" वकील.

"मान्य."

"मग मला चहाचा दुसरा कप मिळायला हरकत नसावी. मी तो अजिबात कमावलेला नाही."

"कृपा फुकट असते. दूध नसतं."

"म्हणजे पान चाळीसवर मतभेद."

"लिहून ठेवा. पुढच्या गुरुवारी बघू."

पुढच्या गुरुवारी बघू! चहाच्या वाफेनं वकिलाचा चष्मा धुरकटला की धाकटी तो सरळ त्याच्या नाकावरून काढायची, आपल्या रुमालानं पुसायची, आणि परत चढवायची. तेवढा वेळ तो डोळे मिटून बसायचा, बाळासारखा. आणि एवढं होऊनही तोंडातून अक्षर नाही! आत्याबाईंनी एकदा रागाच्या भरात मटाराची शेंग सालीसकट चावली.

चर्चचे आताचे पाळकसाहेब येऊन विचारून गेले. "आत्याबाई, कॉलेजातली मुलं नवी पुस्तकं मागताहेत. देव आहे कशावरून, असं कोणी विचारलं की गप्प बसतात बिचारी. अकरा पुस्तकं खोक्यात कशी पडून?"

"त्या दोघांना विचारा. मला विचारू नका."

कारण आत्याबाईंना बोलायची बंदी होती. बंदी त्यांची त्यांनीच घालून घेतलेली. थोरलीच्या वेळी, म्हणजे भावाच्या मोठ्या लेकीच्या, असाच एकजण घुटमळत होता. आत्याबाईंनी त्याला भर अंगणात गाठून विचारलं होतं, "काय ते एकदाच बोल, नाहीतर वाट धर." त्यानं वाट धरली. थोरली दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. पुढे तिचं चांगलं झालं, पण ती दोन वर्षं आत्याबाईंना अजून टोचत होती. म्हणून धाकटीला त्यांनी वचन दिलं होतं, तुझ्या लग्नाच्या गोष्टीत तू सांगेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. ज्या जिभेला उभा गाव टरकतो, तिला कुलूप.

आणि आता वेळ संपत आली होती. दूरच्या एका शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून धाकटीला पत्र आलं होतं. अख्ख्या वॉर्डाची प्रमुख म्हणून या. शनिवारपर्यंत हो की नाही कळवा. धाकटीनं ते पत्र पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स दिवसातून दहादा उघडून मिटली.

"वकिलांना सांगितलंस?" आत्याबाईंनी भांडी विसळत, अगदी सहज विचारलं होतं.

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, चांगली संधी आहे."

आत्याबाईंनी हातातलं पातेलं असं आपटलं की शेजारीण खिडकीत आली.

त्या बुधवारी आत्याबाई नव्या पुस्तकाची तपासणी करायला बसल्या. जाडजूड पुस्तक, चारशे पानी. येशूचं पुनरुत्थान खरंच झालं कशावरून, हा विषय. आधी वकिलानं नेलं होतं, मग धाकटीनं. दोन चिठ्ठ्या, मतं अर्थातच उलटी. पण शिक्का बसो न बसो, पानं मोजायची हा आत्याबाईंचा रिवाज. शिक्का नेहमी एकशे एकाव्या पानावर, म्हणजे कोणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी ओळखू यावं. त्यांनी पानं उलटली. पंच्याण्णव, शहाण्णव... एकशे तेरा.

त्यांनी पुन्हा उलटली. शहाण्णव. एकशे तेरा.

पान फाटलेलं नव्हतं. बांधताना सोळा पानांचा गठ्ठाच शिवायचा राहिला होता. त्यांनी अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं. सातवं प्रकरण पान सत्त्याण्णव. आठवं, पान एकशे तेरा. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पुढे ओढल्या आणि एकेक अक्षर लावत वाचल्या. वाचायला पाऊण तास लागला. वाचून झाल्यावर त्या उठल्या, गार पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "अस्सं काय!"

गुरुवार. बाहेर भुरभुर पाऊस, काचेवर थेंबांच्या रेघा. वकील पायपुसण्यावर. धाकटी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून गणवेशातच आलेली, केसांत एक पिन सुटलेली.

"बसा दोघं. आज मटार नाहीत. आज माझं सगळं लक्ष तुमच्याकडे आहे. आपापली चिठ्ठी वाचा, मोठ्यानं."

वकिलानं घसा साफ केला. "'सातवं प्रकरण, साक्षीदार, हा या पुस्तकाचा कणा आहे. रिकाम्या कबरेच्या साक्षीदारांची उलटतपासणी लेखकानं इतकी चोख घेतली आहे की विरोधी पक्षाला जागाच उरत नाही.'"

"तू."

"'सातवं प्रकरण सगळ्यात कच्चं,'" धाकटीनं वाचलं. "'नुसती उलटतपासणी. कबरेशी आलेल्या त्या बायकांचं भय, त्यांचं रडणं लेखकाला दिसतच नाही.'"

"रडणं हा पुरावा नाही," वकील लगेच.

"रडणंच पुरावा आहे! खोटं रचून आलेली माणसं तयारीनं येतात, वकीलसाहेब. त्या तर सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या होत्या, मेलेल्या माणसासाठी. त्यांना काही सापडायला नको होतं, त्यांना फक्त रडायचं होतं."

वकील तिच्याकडे बघत राहिला. "हे... हे फार चांगलं आहे," तो म्हणाला. "लेखकाला हे सुचायला हवं होतं."

"नाही का सुचलं त्याला?" आत्याबाईंनी पुस्तक टेबलावर सरकवलं. "बघू या की. सातवं प्रकरण काढा. पहिल्या ओळीपासून."

वकिलानं पुस्तक उघडलं. उलटलं. मागे आला. पुन्हा पुढे गेला. बोटाला थुंकी लावून पान सुटं करायला गेला, ते सुटंच होतं. धाकटी वाकून बघायला लागली. शहाण्णव. एकशे तेरा.

"पान चिकटलं असेल," वकील पुटपुटला.

"सोळा पानं चिकटली?" आत्याबाई म्हणाल्या.

वकिलानं हळूच धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं वकिलाकडे.

"तुम्ही... नाही वाचलं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही तरी कुठे वाचलंत!"

"मला वाटलं, तुम्ही नक्की—"

"आणि मला वाटलं, तुम्ही तर—"

"बास!" आत्याबाईंचा हात टेबलावर पडला. "जे पुस्तकात नाही त्याला एक जण कणा म्हणतो आणि एक जण कच्चं म्हणते! आणि मी इथे बसून भावाचा शिक्का मारायचा? तिसऱ्या बाकावरची ती बाई विसरलात? तिच्यासाठी नियम केलाय हा, तुमच्या चहापाण्यासाठी नाही."

धाकटीची मान खाली गेली. वकील उभा राहिला, पांढराफटक.

"चूक माझी आहे, आत्याबाई. मी अनुक्रमणिका बघून लिहिलं. त्यांनी निदान—"

"तिचं वकीलपत्र कोणी दिलं तुम्हाला? स्वतःचं सांगा. का नाही वाचलंत? लग्नाबिग्नाचं मी काही विचारत नाहीये, माझ्या तोंडाला कुलूप आहे. मी पुस्तकाचं विचारतेय."

वकिलानं चष्मा काढला. तो धुरकटलेला नव्हता, तरी पुसला.

"चारशे पानं होती," तो म्हणाला. "नीट वाचायला तीन आठवडे लागले असते. मग तीन गुरुवार... रिकामे गेले असते."

"आणि तू गं?"

धाकटी खिडकीकडे बघत होती. "मी वाचणार होते, आत्या. पण यांची चिठ्ठी आधी हाती लागली. आणि वाटलं... वाचलं आणि पटलं तर? पटलं तर बसायचं कशाला इथे?"

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. देवा, दोन शिकलेली माणसं! एक वाचत नाही कारण उशीर होईल, दुसरी वाचत नाही कारण पटेल. जिभेच्या टोकावर आलेलं सगळं गिळून त्या पाठ फिरवून कपाटाशी गेल्या आणि लागलेली कुलपं उगाच उघडून पुन्हा लावायला लागल्या. मागे पर्सची चेन वाजली.

"मला परवापर्यंत पत्राचं उत्तर द्यायचंय," धाकटीचा आवाज.

"हो. तुम्ही सांगितलं होतंत. चांगली संधी—"

"ते ऐकलं मी. तुमचं मत काय?"

"मत... म्हणजे याला दोन बाजू आहेत. एका बाजूनं बघितलं तर—"

"मला बाजू नकोत!" धाकटी जवळजवळ ओरडली. आत्याबाईंच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. "आठ महिने बाजू ऐकतेय मी. कपाटात ठेवायचं की परत पाठवायचं, एवढं सांगा!"

खुर्ची सरकल्याचा आवाज.

"मी येऊ?" वकील म्हणाला.

"कुठे?"

"तिकडे. त्या शहरात. कोर्ट तिथेही असेल ना... भांडणं काय, सगळीकडे असतात."

"फक्त भांडायला येणार?"

"नाही. म्हणजे... तेही. पण लग्न करून. जाऊ नको असं तुला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तो वॉर्ड तुझाच आहे. सहा नंबरच्या खाटेपाशी उभं राहणारं माणूस त्यांना दुसरं मिळणार नाही. म्हणून गप्प होतो. पण तुझ्याशिवाय गुरुवार... मला जमणार नाही."

आत्याबाई वळल्या नाहीत. कपाटाच्या काचेत दिसलं तेवढं पुरे होतं. धाकटीनं हात पुढे करून त्याचा चष्मा काढला होता, आणि या वेळी तो परत चढवायची तिला घाई नव्हती.

"पटलं," ती म्हणाली.

अकरा पुस्तकांनंतर पहिल्यांदा.

आत्याबाईंना हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्यांच्या मनातली मांडणी वेगळी होती. त्यांना वाटलं होतं, हा बोलेल आणि ती राहील. हा बोलला, आणि निघाले दोघंही. त्यांनी टेबलाशी येऊन तिन्ही खुर्च्या नीट लावल्या, धाकटी एकीवर बसलेली असतानासुद्धा.

"आत्या," धाकटी म्हणाली, "बोल ना गं. वचनातून मोकळं केलं तुला."

"हो, आत्याबाई," वकील म्हणाला. चष्म्याविना तो डोळे बारीक करून त्यांना शोधत होता. "काय तो निकाल द्या. मी अपील करणार नाही."

आत्याबाईंनी त्याला बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"ऐका तर मग, वकील. वाचक म्हणून तुम्ही लबाड निघालात, आणि इतका घुम्मा माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण उशिरा का होईना, तोंड उघडलंत तेव्हा तिच्या कामाचा विचार आधी केलात आणि स्वतःचा नंतर. असा माणूस माझ्या घरात चालेल. मात्र गेलेली सोळा पानं मी मागवून घेते, आणि हे चारशे पानी पुस्तक तुम्ही दोघांनी, या टेबलाशी बसून, माझ्यासमोर, ओळ न् ओळ वाचून काढल्याशिवाय कोणी कुठे जायचं नाही. तीन आठवडे लागतात म्हणालात ना? लागू देत. सावकाश वाचा."